काकांशी बोलणं नाही, मग माझा विश्वास खोटा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीला मुंबईत. बाप्तिस्मा झालेला, रोज पवित्र शास्त्र वाचतो. वडील गेल्यावर सामाईक कलमांची बाग काकांनी परस्पर एका व्यापाऱ्याला दोन हंगामांच्या कराराने दिली आणि पैशांचा हिशोब दिला नाही. काका गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पंच म्हणजे कारभारी आहेत. वर्षभर दोघांत बोलणं नाही. परवा तो बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र वाचत होता. तिसऱ्या अध्यायात चौदावं वचन आलं, बंधुवर्गावर प्रीती करतो म्हणून आपण मरणातून जीवनात गेलो आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याची झोप उडाली. तो विचारतो, ‘काकांचं तोंड बघावंसं वाटत नाही. मग मी अजून मरणातच आहे का? शिवाय गावच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांशी माझं पटत नाही. मुंबईतल्या मंडळीत मात्र सगळ्यांवर प्रेम वाटतं.’ पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की पुढच्या महिन्यात काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि तिला नेणारं घरात कुणी नाही.

माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करतो. चौतीस वर्षं कोकणपट्टीतल्या लहान लहान मंडळ्यांत पाळक म्हणून काढली, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी पुष्कळदा विचारला गेलाय. विहिरीवरून, गडग्यावरून, लग्नात मान दिला नाही म्हणून. आंबा यायचाच होता.

आधी त्या वचनाचं व्याकरण बघू, कारण तुझी अर्धी भीती तिथेच निघते. वाक्यात ‘कारण’ आहे. ते कशाला जोडायचं? प्रीती करतो ‘म्हणून मरणातून पार झालो’ असं वाचलं तर प्रीती हे तिकीट होतं आणि तुझ्याकडे पैसे कमी पडले असं वाटतं. पण योहान म्हणतो, प्रीती करतो ‘त्यावरून ठाऊक आहे’. मूळ ग्रीकमध्ये ‘पार झालो आहोत’ हे क्रियापद घडून गेलेल्या आणि अजून टिकून असलेल्या गोष्टीचं आहे. पलीकडे पाऊल आधीच पडलंय, प्रीती ही त्याची खूण. जूनमध्ये मृगाचा लाल मखमली किडा अंगणात दिसला की आपण म्हणतो, आला पाऊस. किड्यानं पाऊस आणला असं कुणी म्हणत नाही.

आता तू म्हणशील, किडाच दिसत नाही त्याचं काय? थांब, तिकडेच येतोय. पण त्याआधी हे पत्र कुणाला लिहिलंय ते बघ. त्या मंडळीत फूट पडली होती. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात योहान सांगतो, ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हते. निघून गेलेल्यांना आपल्याला वरचं ज्ञान झालंय असं वाटत होतं, आणि मागे उरलेली साधी माणसं गोंधळली होती की आपलंच काही चुकलं का. योहान त्या उरलेल्यांना धीर देतोय. तुम्ही एकमेकांना सोडलं नाहीत, धरून राहिलात, त्यावरूनच समजा तुम्ही कुठे आहात. पत्र धीर देण्यासाठी होतं, आपण त्याचा चाबूक करून स्वतःच्याच पाठीवर मारून घेतो. याच अध्यायाच्या विसाव्या वचनात तो म्हणतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. ज्याची झोप उडाली त्याच्यासाठी ते वचन तिथेच ठेवलंय. चौदाव्यापाशी पुस्तक मिटलंस, सहा वचनं पुढे गेला असतास तर झोपला असतास.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात खरं वाक्य मात्र काकांबद्दलचं नाही. ‘मुंबईतल्या मंडळीत सगळ्यांवर प्रेम वाटतं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. वाटणारच. तिथे अडीचशे माणसं. त्यातली तुझ्या वयाची, तुझ्यासारखी गिटार वाजवणारी आठ-दहा तू निवडलीस. उपासना झाली की त्यांच्याबरोबर चहा-वडापाव आणि परत लोकल. पटलं नाही तर दोन स्टेशनं सोडून दुसरी मंडळी आहे. त्या प्रेमाला मी खोटं म्हणत नाही. पण त्याची कसोटी अजून लागलेली नाही.

आमच्याकडे तशी सोय नाही. १८२३ साली स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोट आणि हर्णैला उतरले, त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या. पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आलं, वेंगुर्ल्यात त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. इतकं होऊनसुद्धा आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळ्या लहानच राहिल्या. मी एका ठिकाणी होतो तिथे एकूण नऊ घरं होती. नऊ घरांत भांडण झालं की जायचं कुठे? रविवारी समोरच्या बाकावर तोच माणूस, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, शेजारी तोच, आणि मयताला खांदा द्यायलाही तोच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं निवडून घेता येत नाहीत. किनाऱ्यावर जो आहे त्याच्या हातात दोर. योहान ‘बंधू’ म्हणतो, मित्र म्हणत नाही, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. मित्र आपण निवडतो. भाऊ आधीच घरात असतो, आणि बहुधा आपल्या वाट्याच्या खोलीतच असतो.

चौथ्या अध्यायातलं विसावं वचनही याच अर्थानं वाच. डोळ्यांपुढच्या भावावर प्रीती नाही आणि न पाहिलेल्या देवावर आहे म्हणतो, तो लबाड. ‘डोळ्यांपुढचा’ या शब्दावर बोट ठेव. मानवजातीवर प्रेम करणं अगदी सोपं असतं. ती कधी आपल्या बागेचा करार परस्पर करत नाही.

आता प्रीती म्हणजे काय. इथे एक जुनं खूळ बाजूला सारतो. सभांमधून तू ऐकलं असशील की ग्रीकमध्ये ‘आगापे’ म्हणजे ईश्वरी निरपेक्ष प्रेम आणि ‘फिलिया’ म्हणजे साधी मानवी मैत्री. मीही तरुणपणी यावर तासभर प्रवचन झोडलंय, लोकांना फार आवडायचं. पण योहान स्वतः हा भेद पाळत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो हे त्याच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात एका शब्दानं येतं, पाचव्यात दुसऱ्यानं. आणि देमास नावाच्या सोबत्यानं प्रेषित पौलाला सोडलं, कारण त्याला हे जग प्रिय वाटलं, तिथे शब्द ‘आगापे’चाच आहे. तेव्हा शब्दकोशात शोधू नकोस. योहान स्वतः समजावतो ते तिसऱ्या अध्यायाच्या सोळा ते अठरा वचनांत.

सोळाव्यात तो म्हणतो, ख्रिस्तानं आपल्यासाठी प्राण दिला, आपणही बंधूंसाठी प्राण द्यावा. वाचणाऱ्याची छाती फुगते. आणि लगेच सतराव्यात तो खाली उतरतो. तुझ्याकडे संसाराची साधनं आहेत, भाऊ गरजवंत दिसतोय आणि तू कळवळा बंद करून घेतलास, तर? प्राण राहिला बाजूला, गोष्ट आली तांदळाच्या डब्यावर. ‘कळवळा’साठी मूळ शब्द आहे तो थेट आतड्यांचा. आतडी बंद करून घेणं. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला लागू नये. आपल्याकडेही माया आतड्यातच असते, आतडं तुटतं, आतडं पिळवटतं. योहान विचारतो ते एवढंच, दार आतून लावलंस का?

म्हणून ‘तोंड बघावंसं वाटत नाही’ याने मी घाबरत नाही. वाटणं वर-खाली होत असतं. बघतो ते हे, की त्या माणसाची गरज समोर आली तेव्हा तुझ्या हातांनी काय केलं.

एक गोष्ट सांगतो. त्या नऊ घरांतल्या दोन घरांत दोन सख्खे भाऊ राहायचे. विहीर सामाईक. पंप लावायच्या पाळीवरून वाजलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद. दोघंही उपासनेला यायचे, थोरला डावीकडच्या बाकांवर, धाकटा उजवीकडे. मी समेटाचे चार प्रयत्न केले, चारही फसले. मग एका जुलैत धाकट्याची बायको वारली. पाऊस असा की अंगणातून वहाळ. आमची दफनभूमी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वीतभर माती आणि खाली जांभा. तिथे कबर खणायची म्हणजे पहारीचंच काम, आणि जितकं खणावं तितकं पाणी भरतं. मंडळीतली तरुण पोरं मुंबईला. सकाळी दफन करायचं होतं आणि रात्री आठ वाजता खणायला होतो आम्ही तिघं, त्यात एक मी, आणि माझ्या हातांना पहारीची सवय नव्हती.

साडेनऊच्या सुमारास थोरला आला. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर स्वतःची पहार, हातात तेलाचा रिकामा डबा. कुणाशी काही बोलला नाही, माझ्याशीही नाही. खड्ड्यात उतरला. वरून ताडपत्री धरली तरी पाणी बाजूनं झिरपत होतं, तो चार घाव घालायचा, दोन डबे पाणी उपसायचा, पुन्हा चार घाव. पासष्टीचा माणूस. पहाटे साडेचारला कबर झाली तेव्हा त्याच्या तळहाताची साल निघाली होती आणि ते रक्त त्यानं चिखलालाच पुसलं. पेटी खाली सोडताना पाणी पुन्हा भरू नये म्हणून शेवटपर्यंत डबा घेऊन कडेला तोच उभा होता. प्रार्थना झाली, लोकांनी माती टाकली, आणि हा धाकट्याकडे न बघता घरी निघून गेला.

मंडळीत पुढे चर्चा झाली. काही म्हणाले, एवढं केलं पण एक शब्द बोलला नाही, म्हणजे मनातून क्षमा नाहीच. मला तसं वाटत नाही. शब्दाने आणि जिभेने नव्हे, कृतीने आणि सत्याने, असं अठरावं वचन म्हणतं. या माणसाकडे जीभ नव्हती, कृती होती. त्याच्या विश्वासाबद्दल मला त्या रात्रीनंतर कधी शंका आली नाही. मात्र सगळं ठीक झालं असंही सांगणार नाही. पंपाचा वाद माझी बदली होईपर्यंत मिटला नव्हता. खूण खरी असली म्हणून ती पूर्ण असतेच असं नाही.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची, आणि ती सांगताना अजून मान खाली जाते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बंदराच्या गावी होतो. तिथे मासळी विकणारी एक बाई नव्यानं मंडळीत आली होती. रविवारीसुद्धा पहाटे जेटीवरचा लिलाव चुकवणं तिला परवडायचं नाही. टोपली दाराबाहेर ठेवून, हात धुऊन ती तशीच उपासनेला यायची. ती बसली की बाकावरची माणसं हळूहळू सरकायची. कुणी काही बोलायचं नाही, फक्त सरकायचं. एकदा दोघा-तिघांनी माझ्याकडे कुरकुर केली आणि मी, नवा पाळक, तिला बाजूला घेऊन म्हणालो, ‘बाई, उपासनेला येताना जरा आवरून येत जा.’ त्या दिवशीचं माझं प्रवचन गालीलच्या कोळ्यांवर होतं, हेही सांगून टाकतो.

तिनं मान हलवली. पुढच्या रविवारी ती आली, पण आत न येता बाहेरच्या पायरीवर बसली. पहिलं गीत सुरू झालं. पुढच्या बाकावरून आमच्या एका जुन्या पंचांची बायको उठली, सत्तरीची, गुडघे दुखणारी. गीतांचं पुस्तक घेऊन मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली आणि पायरीवर तिच्याशेजारी बसली. पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं. त्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून म्हातारी ओळीवर बोट फिरवत होती. मी वेदीजवळून सगळं बघत होतो. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला झापलंय, ते मी शिकवलं होतं. तोंडपाठ होतं मला. उपासना झाल्यावर त्या बाईची माफी मागितली. तिनं ‘असूं दे’ म्हटलं. पुढच्या रविवारपासून आत आली, आणि ती म्हातारी तिच्या बाकावर जाऊन बसायला लागली. माणसं सरकायची थांबायला मात्र वर्ष गेलं.

जातीचं इथेच बोलून घेतो, कारण त्या सरकण्यात वासाबरोबर तेही होतं आणि आपण ते कबूल करत नाही. पौलानं करिंथकरांना अकराव्या अध्यायात सुनावलं ते नेमकं यावर. प्रभुभोजनाला जमतात, पण पैसेवाले आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतो. तुम्ही मंडळीला तुच्छ मानता का, असं त्यांना विचारतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली वर्षं त्या सोवळं पाळत राहिल्या, आणि त्यांच्या बाबतीत आधी जातीचा विटाळ गळला, बाप्तिस्मा त्यानंतर झाला. आपल्याकडे कितीतरी घरांत उलट झालंय. बाप्तिस्मा तीन पिढ्यांपूर्वी झाला आणि लग्नाच्या याद्या करताना अजून ‘मूळचे कोण’ विचारतात. बंधुप्रीतीची खूण कुठे तपासायची असं मला कुणी विचारलं तर मी आधी लग्नाच्या याद्या मागेन.

फक्त विश्वासणाऱ्यांवरच प्रीती का, बाहेरच्यांवर नको का, असा आक्षेप येतो. नको असं कुठे लिहिलंय? गलतीकरांना पौल म्हणतो, सर्वांचं बरं करा आणि विशेषकरून विश्वासाच्या घराण्याचं. इसवी सन ३६२ मध्ये रोमन सम्राट जुलियन, जो ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक होता, त्यानं आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहिलं होतं की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणायचा) आपले गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. घरातल्या ताटाची सवय असेल तर शेजाऱ्याला वाढता येतं. आणि बंधुवर्ग म्हणजे आपल्या पंथाचेच, असं समजू नकोस. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडे आपले कितीतरी शेजारी कॅथलिक आहेत. त्यांच्या मयताला तू जातोस आणि प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभा राहून मोबाईल बघतोस, हे मी पाहिलंय. तुलाच नव्हे, सगळ्यांनाच.

आता काकांचं. एक गैरसमज आधी काढून टाक. हिशोब मागणं हा द्वेष नव्हे. प्रीतीच्या नावाखाली गप्प बसायला मी तुला सांगणार नाही. पंच म्हणून वजन असलेली माणसं अशा वेळी ‘ख्रिस्ती माणसानं पैशावरून भांडू नये’ असं म्हणतात. हे वाक्य ज्याच्याकडे पैसे अडकलेले असतात त्याच्याच तोंडून जास्त ऐकलंय मी. सातबारावर तुझ्या वडिलांचं नाव असेल, वारसनोंद झाली असेल, तर उत्पन्नात तुझा हिस्सा आहे आणि तो विचारणं सरळ आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय. आधी एकटा जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. मग मंडळीपुढे ने. तू पहिली पायरीच चढला नाहीस. वर्षभर तू काकांना सोडून सगळ्यांशी बोललास. आईशी, मावशीशी, मुंबईतल्या मित्रांशी आणि आता माझ्याशी. योहान ज्याला द्वेष म्हणतो त्याच्या जवळ जाणारं तुझ्या पत्रात काही असेल तर ते हे आहे. राग असणं वेगळं. माणसाला त्याच्या माघारी बारीक बारीक मारत राहणं वेगळं. सख्ख्या भावाला मारणाऱ्या काइनाचं उदाहरण योहान उगाच देत नाही.

आणि हेही बघ, तुझ्या रागात किती भाग पैशाचा आहे आणि किती दुसऱ्या कशाचा. तुझ्या पत्रात एका ठिकाणी आहे की काकांचा मुलगा बोटीवर लागला, त्यांनी घरावर स्लॅब टाकला. बागेच्या हिशोबाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी तू लिहिलंस. मी काही म्हणत नाही, तूच परत वाच.

प्रभुभोजन घेऊ की नको, असंही तू विचारलंयस. घे. पण त्याआधी काकांना एक पत्र लिही, हातानं, पोस्टानं पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ते अर्ध्या तासात सगळ्या भावकीत फिरेल. पत्रात तीनच गोष्टी असू देत. करार किती रकमेचा झाला, दोन हंगामांत खत-फवारणी-राखणीला किती गेले आणि माझ्या वाट्याचं काय. वर ‘प्रिय काका’ लिही. लिहवत नसेल तर नुसतं ‘काका’ लिही, पण टोमणा नको. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पाळकांना आणि मंडळीतल्या आणखी एकाला घेऊन जा. तो एक जण तुझ्या बाजूचा नसावा. त्यानंतरही काही झालं नाही तर रीतसर वाटणी मागायला तू मोकळा आहेस. मंडळीतली भांडणं बाहेर नेण्याबद्दल पौल करिंथकरांवर रागावला होता हे खरं, पण त्यानं आधी विचारलंय ते हे, की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का? नसेल, तर दोष एकट्या फिर्यादीचा नाही.

काकूच्या ऑपरेशनला मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघू नकोस. आदल्या रात्रीची गाडी धरून ये. दाखल होताना ओळखपत्र आणि तिची बीपीची गोळी विसरू नको, आणि घरी आल्यावर डोळ्यात थेंब किती वेळा घालायचे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, कारण काकांनाही आता कमीच दिसतं. रिक्षात हिशोबाचा विषय काढू नकोस. त्यांनी काढला, तर पत्र मिळालं का एवढंच विचार.